बॉक्स फाइल की कप्प्यांचे फोल्डर?

टेबलावर साचलेल्या कागदांतले टाकाऊ कागद आपण आधीच फाडून टाकले आहेत, असे गृहीत धरतो. उरलेल्यांसाठी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या स्टेशनरीच्या दुकानांत मुख्यतः दोन पर्याय दिसतात: पंच मारून लावायची बॉक्स फाइल आणि पेटीच्या भात्याप्रमाणे उघडणारे कप्प्यांचे फोल्डर. मी दोन्ही वापरले आहेत.

बॉक्स फाइलची बाजू लंगडी मुळीच नाही. ती कपाटात ताठ उभी राहते, पाठीवरची चिठ्ठी लांबून वाचता येते आणि कागदांचा क्रम बिघडत नाही. विजेची बिले, बँकेची विवरणे, प्राप्तिकराचे कागद असे जे तारखेवार चढत जाते आणि क्वचितच बाहेर निघते, त्यासाठी तीच योग्य, असे मला आजही वाटते.

अडचण येते ती मधला कागद काढताना. स्वतः राहत असलेल्या घरांना पुण्यात मिळकत करात मिळणारी 40 टक्के सवलत 2023 मध्ये पुन्हा लागू झाली आणि त्यासाठी पीटी-3 अर्ज भरताना सोसायटीचे पत्र, राहत असल्याचा पुरावा, कराचे बिल असे निरनिराळ्या विषयांचे कागद गोळा करावे लागले. प्रत्येक कागदासाठी वरची पट्टी सोडवायची, खटका उघडायचा, वरचा गठ्ठा कमानीवरून पलीकडे सरकवायचा आणि झेरॉक्स काढून आणल्यावर तेच सारे उलट क्रमाने करायचे. या खटाटोपाचा कंटाळा आला की काढलेला कागद ‘नंतर लावू’ म्हणून फाइलीवरच राहतो आणि बघता बघता तिथे नवा ढीग तयार होतो. ज्या ढिगासाठी फाइल आणली तोच जर फाइलीमुळे वाढत असेल, तर तिच्या शिस्तीचा उपयोग काय, हा प्रश्न मला टाळता आला नाही. शिवाय मूळ खरेदीखताला किंवा सोसायटीच्या भागप्रमाणपत्राला (शेअर सर्टिफिकेटला) भोक पाडायला हात धजावत नाही. (स्कॅन करून मोकळे व्हावे म्हटले, तरी घर तारण ठेवताना बँक मूळ खरेदीखतच मागते.)

कप्प्यांच्या फोल्डरमध्ये कागद नुसता सरकवायचा असतो. त्याचेही दोष आहेत: भरले की त्याचा तळ फुगतो, ते धड उभे राहत नाही आणि कप्प्याच्या आतला क्रम आपल्यालाच सांभाळावा लागतो. मऊ पीव्हीसीच्या कप्प्यांना झेरॉक्सची शाई चिकटू शकते, म्हणून पॉलिप्रॉपिलीनचे किंवा जाड कागदी कप्पे पाहावेत. ज्यांच्या घरी कागद फारसे हलत नाहीत, त्यांनी माझे ऐकू नये; पण शाळाप्रवेश, विमा, कर्ज अशा निमित्तांनी कागद सतत आत-बाहेर होत असतील, तर मी फोल्डरकडेच बोट दाखवीन. घेताना मात्र ते लीगल आकाराचे घ्यावे, कारण मुद्रांकाचा कागद ए-फोरपेक्षा लांब असतो आणि लहान फोल्डरमध्ये त्याचे टोक दुमडते.