लॅगाव्हूलिन १६: आधी वेळ द्या, मग पाणी

स्कॉटलंडच्या आयला बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर लाफ्रॉइग, लॅगाव्हूलिन आणि आर्डबेग या व्हिस्की गाळणाऱ्या तीन डिस्टिलऱ्या एकाच रस्त्यावर आहेत, एकीकडून दुसरीकडे पायी जाता येईल इतक्या जवळ. धूर तिघींचाही दणकट, पण १६ वर्षं मुरवलेल्या लॅगाव्हूलिन १६ चा सगळ्यांत मुरलेला. माल्ट, म्हणजे मोड आणलेलं बार्ली, जवळच्या पोर्ट एलनहून येतं, पीटच्या (दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या) धुरावर वाळवलेलं, धुराचा वास देणारं फिनॉल साधारण ३५ पीपीएम, म्हणजे दशलक्षात ३५ भाग. दुसरं डिस्टिलेशन मुद्दाम संथ, नऊ तासांहून जास्त चालतं. पुढे ओकच्या पिंपात किमान १६ वर्षं. लेबलवरचा आकडा बाटलीतल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचा असतो, सरासरीचा नाही.

रंगावर मात्र भुलू नका. हा गडद सोनेरी तपकिरी रंग एकट्या पिंपाचा नाही. त्यात कॅरॅमल मिसळलेलं असतं.

चाखायला २० ते ३० मिली पुरे. ग्लास ट्यूलिपच्या आकाराचा, तोंडाशी निमुळता हवा. तो नुसत्या गरम पाण्याने धुवून उपडा न ठेवता वाळवा. साबणाचा किंवा कपाटातल्या लाकडाचा वास राहिला तर पहिल्या घोटापर्यंत तोच येत राहतो. घरात फोडणी किंवा उदबत्ती नुकतीच झाली असेल तर तासभर थांबा. एका बैठकीत दोनतीन व्हिस्की असतील तर ही शेवटी घ्या, हिच्यानंतर हलकी व्हिस्की पाण्यासारखी लागते.

ओतल्यावर १० ते १५ मिनिटं ग्लासला हात लावू नका. घाईने नाक खुपसलं की अल्कोहोल झोंबतं आणि नाक बधिर होतं. नंतर तोंड किंचित उघडं ठेवून दोन बोटं अंतरावरून हुंगा. आधी येतो आयोडीन आणि विझत आलेल्या शेकोटीचा वास, त्यामागे बोंबील वाळत घातलेल्या किनाऱ्याची खारट हवा. पाचेक मिनिटांनी या सगळ्याखालून काळे मनुके, खारीक आणि संत्र्याची वाळलेली साल वर येते. या बाटलीचं खरं मोल या दुसऱ्या थरात आहे आणि घाई करणाऱ्याच्या हाती तो लागतच नाही.

पहिला घोट लहान घ्या आणि दहा सेकंद जिभेवर फिरवा. त्याने फक्त तोंड तयार होतं. मत दुसऱ्या घोटावर बनवा. सुरुवात गोड आणि तेलकट, मधे मीठ आणि कोऱ्या चहाचा तुरटपणा, मग धूर. गिळल्यावर राखेची कोरडी चव कितीतरी मिनिटं टिकते. इतकी लांब, न तुटणारी शेवटची चव फार थोड्या व्हिस्कींत मिळते.

पाण्याचं गणित जपून करा. ही ४३ टक्के अल्कोहोलचीच आहे. ३० मिलीत २ मिली पाणी घातलं की ती ४० वर येते आणि फळांची चव उघडते. एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिली, घातलं की ३७ वर घसरते, तेलकटपणा जातो आणि उरतो नुसता ओला धूर. पाणी ड्रॉपरने घाला, फिल्टरचं घ्या. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन लगेच कळतं. बर्फ तर नकोच, थंडीत वास दबतो.

उणीव विचाराल तर ती याच ४३ मध्ये आहे. ४६ ला भरली असती तर मधला भाग अधिक भरीव झाला असता. याच डिस्टिलरीची ८ वर्षांची ४८ टक्क्यांची आहे: फिकट, लिंबासारखी तरतरीत, धूर टोकदार. फक्त धूर आवडत असेल तर ती घ्या, पैसेही वाचतील. धूर आणि सुकामेवा एकमेकांत विणलेले हवे असतील तर १६ ला तोड नाही.

बाटली उभीच ठेवा, आडवी ठेवली तर अल्कोहोल बूच खातं. एक तृतीयांशाच्या खाली आली की लहान बाटलीत काढून ठेवा; आत हवा जास्त झाली की सर्वांत आधी विरतो तो धूर.