खरबरीत ब्रशचा देवनागरी फॉन्ट: काही महिन्यांच्या वापरानंतर

सुकत आलेल्या ब्रशने भिंतीवर ओढल्यासारखा हा डिस्प्ले (मोठ्या मथळ्यांचा) फॉन्ट गोव्यातला शिगमो, जत्रेतली नाटकं, टी-शर्ट अशा कामांना वापरला. फ्लेक्सवर चांगला, टी-शर्टवर त्याहून चांगला, रेडियम कटिंगला (चिकट रंगीत शीटमधून अक्षरं कापायला) मात्र डोकेदुखी.

खरी भानगड शिरोरेषेची. रोमन अक्षरावर ओरखडा कुठेही खपतो, देवनागरीत जागा बघून पाडावा लागतो. घ आणि ध, म आणि भ यांची ओळख डावीकडच्या शिरोरेषेवर ठरते आणि या फॉन्टच्या 'घ'ला नेमकी तिथेच फट आहे. चतुर्थीच्या बॅनरवर 'घुमट आरती' टाइप करा, रस्त्यापलीकडून 'धुमट आरती' वाचाल! कोरलड्रॉमध्ये कंट्रोल-क्यू दाबून कर्व्ह करा (म्हणजे अक्षराचा साधा आकार होतो), फटीवर शिरोरेषेच्या जाडीची पट्टी ठेवून वेल्ड करा, म्हणजे दोन्ही आकार एकजीव करा, आणि शेप टूलने तिची कड जरा वाकडी करा. कड सरळ राहिली तर ठिगळ लगेच कळतं.

दुसरी खोट 'काणकोण' लिहिल्यावर दिसते. दोन्ही क, दोन्ही ण एकाच जागी सोललेले, म्हणजे हाताने रंगवल्याचा आव तिथेच संपला. पर्यायी आकार दिलेत ते फक्त रोमन कॅपिटलना. त्यामुळे कर्व्ह केल्यावर एका 'ण'ची भोकं बुजवून दुसरीकडे पाडणं आलंच.

ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, शून्यच ठेवा. वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि ती तूट झिजेत खपून प्रूफ बघणाऱ्याच्या नजरेतून सुटते. इलस्ट्रेटरमध्ये जोडाक्षरं फुटली तर फॉन्टला दोष देऊ नका, पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' कंपोझर निवडा.

टी-शर्टच्या स्क्रीन छपाईला 43 टी (सेंटिमीटरला 43 धागे) जाळी पुरते. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक भोकं शाईने भरतात, ती फिल्म काढण्याआधीच बुजवा. मोठी राहू द्या: शाई कमी बसते, छपाई छातीवर पत्र्यासारखी ताठ होत नाही आणि स्क्वीजीचा (शाई ओढायच्या रबरी पट्टीचा) दाब कमी-जास्त झालेलाही झाकला जातो.

रेडियमवर मात्र प्रत्येक ठिपका वेगळा कापला जातो, चिमट्याने काढताना जीव जातो आणि बारीक तुकडे ट्रान्सफर पेपरवरून निसटतात. वेल्ड न करता फाइल पाठवली तर प्लॉटर दर अक्षराच्या सांध्यावरही पातं फिरवतो. अशा पाटीला मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून बेतलेला, मोफत मिळणारा 'यात्रा वन' बरा. झीज काय, गोव्याच्या पावसात शेवाळ ती फुकट देतं.

पणजीतल्या पोर्तुगीज नावांच्या पाट्यांसाठी घेणार असाल तर आधी रोमन 'ए'वरचं टिल्ड (ã) आणि 'सी'खालचं सेडिला (ç) तपासा. यात दोन्ही नाहीत, ती अक्षरं गुपचूप दुसऱ्याच फॉन्टमध्ये जातात. मेनूकार्डात हा फक्त शीर्षकाला, 36 पॉइंटच्या वर. पदार्थांची नावं आणि दर 'मुक्ता' या साध्या फॉन्टात लावा.