चरायला गवत लावायचंय : अंजन, मारवेल की गिनी?

माळाची चार-पाच एकर पडीक, पंचवीस-तीस शेळ्या-मेंढ्या, दोन-तीन गाई, आणि रोज विळा घेऊन जायला माणूस मिळत नाही. अशा वेळी चाऱ्याच्या बियाण्याची चौकशी केली की समोरचा पहिला आकडा सांगतो तो एकरी टनाचा. तो आकडा कापणीचा असतो. पाणी, खत देऊन, विळ्याने एकसारखं कापून, वजन करून काढलेला. जनावर काही एकसारखं कापत नाही. गाय जिभेचा वेढा घालून घास ओढते, मेंढी जमिनीला ओठ लावून कुरतडते, आणि आवडलेल्या ठोंबाकडे दोघीही चार दिवसांनी परत येतात. त्यामुळे चराईचं गवत निवडताना टनापेक्षा एकच गोष्ट आधी बघावी : चावा घेऊन झाल्यावर गवताकडे काय शिल्लक राहतं?

हे डोळ्यांनी बघता येतं. गवताचा एक फुटवा (ठोंबातली एक काडी) बुडातून काढा आणि ब्लेडने उभा चिरा. आत पानं एकात एक गुंडाळलेली दिसतील. त्यांच्या तळाशी, अगदी आत, गव्हाच्या दाण्याहून लहान असं फिकट टोक असतं. नवीन पान तिथून निघतं. हा कोंब जमिनीलगत आहे तोवर वरची पानं खाल्ली तरी फुटवा मरत नाही, चार-पाच दिवसांत कापल्या टोकातून हिरवं वर सरकतं. गवत निसवायच्या, म्हणजे तुरा काढायच्या बेताला आलं की कांडी लांबतात आणि हा कोंब वर चढतो. मग तो जनावराच्या तोंडात जातो आणि तो फुटवा तिथेच संपतो. पुढची वाढ बुडातल्या डोळ्यांतून नव्याने व्हावी लागते, आणि ती बुडात व मुळात साठवलेल्या अन्नावर होते. अंजन, मारवेल आणि गिनी ही तिन्ही गवतं उष्ण प्रदेशातली, तिन्ही बहुवार्षिक, तिन्ही जनावरं आवडीने खातात. वेगळी पडतात ती इथे.

नेपियर आणि सुपर नेपियर मी या तुलनेत घेतलेलंच नाही. आपल्याकडे ते कापून घालायचं गवत आहे. त्यात कळप सोडला तर निम्मं पायाखाली जातं आणि जाड खोडं तशीच उभी राहतात.

गिनी

आधी गिनी, कारण सगळ्यांची नजर त्याच्यावर असते. उंच, रुंद पानाचं, झुपक्याने वाढणारं. पाऊस 900 मिलिमीटरच्या वर असेल किंवा हाताशी पाणी असेल तर याच्याइतका पाला बाकी दोघांना येत नाही. सावली सोसतं, म्हणून कोकणात आंबा-नारळाखाली किंवा बांधावरच्या झाडांच्या सावलीत याला तोड नाही.

पण कोंब लवकर वर चढणारं गवत आहे हे. ब्राझीलमध्ये गिनीवर गुरं मोठ्या प्रमाणावर चारतात. तिथे तारखेऐवजी उंची बघून कळप आत सोडतात : 'टांझानिया' हा वाण साधारण 70 सेंटिमीटर झाला की, 'मोंबासा' 90 झाला की. गणित असं की त्या उंचीला पाल्याने जवळजवळ सगळं ऊन अडवलेलं असतं. त्याच्यापुढे थांबलं तर पान वाढत नाही, खोड वाढतं. आणि बाहेर काढतात ते वीत-दीड वीत बुडखा मागे ठेवून. आता मेंढ्यांच्या कळपाला हे कसं समजावायचं? मेंढी उंच गवतात शिरायला नाखूश असते, कडेकडेने खाते आणि कडा जमिनीपर्यंत साफ करते. मधलं गवत तोवर जरड होऊन जातं. गिनी गाईंना ठीक, तेही रान तारेने तुकडे पाडून, रोज कुणीतरी उंची बघणारं असेल तर. तारेचा खर्च करायचा नसेल तर गिनी लावा, पण कापून घाला.

अंजन

अंजन म्हणजे धामण. रोपवाटिकेत नुसतं 'अंजन' म्हणू नका, खानदेशात अंजन म्हटलं की झाड समोर येतं. माझ्या एका नातलगाने फोनवर अंजन सांगितलं आणि टेंपोतून उतरली ती झाडाची रोपं. त्या झाडाचा पालाही जनावरं खातात, पण गवत ते गवत.

हे कोरडवाहूचं गवत. 300 ते 700 मिलिमीटर पावसात, मुरमाड-वाळूसर जमिनीत ते आनंदाने राहतं, मुळं खूप खोल सोडतं. त्याचं खरं बळ बुडाशी आहे : फुटव्याचं बूड गाठीसारखं फुगीर असतं, आणि अन्नाचा साठा तिथे असतो. जनावराचे दात सहसा तिथवर जात नाहीत. म्हणून एकदा जम बसला की अंजन दुष्काळ सोसतं, चराई सोसतं, वणवाही सोसतं. वळवाच्या एका सरीने चार-सहा दिवसांत हिरवं होतं.

त्याची दोन दुखणी आहेत. एक म्हणजे पाणी साचणं. काळ्या चिकट जमिनीत त्याची रोपं बसत नाहीत. दुसरं, बी. त्याचं बी केसाळ असतं, मुठीतून सुटत नाही, वाऱ्याने उडतं. माती, शेण आणि वाळू कालवून त्याच्या गोळ्या करतात आणि त्या फोकतात. एकरी दोन-अडीच किलो पुरतं, पण ते एक सेंटिमीटरपेक्षा खोल जाता कामा नये. आणि ताजं बी घेऊ नका. अंजनाचं बी झोपलेलं असतं, मागच्या वर्षीचं अधिक चांगलं उगवतं. जोधपूरचं 'मारवाड अंजन', झाशीच्या चारा संशोधन संस्थेचं 'बुंदेल अंजन' असे वाण आहेत. अंजन आणि गिनी, दोन्हींच्या बियातला गर्भ परागाची सरमिसळ न होता मूळ झाडासारखाच तयार होतो, त्यामुळे घरचं बी धरलं तरी वाण फिरत नाही. दरवर्षी पिशवी विकत घ्यायची गरज नाही, हे विकणारा आपण होऊन सांगेल अशी अपेक्षा ठेवू नका.

मारवेल

मारवेल दख्खनचंच. महाराष्ट्राच्या पठारावरच्या मूळ गवताळ रानाला अभ्यासक ज्या दोन गवतांच्या नावाने ओळखतात, ती म्हणजे पवना आणि मारवेल. पेरावर पांढऱ्या केसांचं कडं आणि बोटांसारखा जांभळट तुरा, ही त्याची खूण. खोड बारीक आणि मऊ, वाळलं तरी जनावर टाकत नाही. काळी जमीन चालते, थोडं चोपण (खारवट जमीन) चालतं, काही दिवस पाणी साचलं तरी चालतं. बुडाकडची खोडं जमिनीवर आडवी पसरतात आणि पेरांना मुळं फुटतात, त्यामुळे खालचे कोंब दातापासून वाचतात. अंजन साठ्यावर तरतं, मारवेल आडवं पडून.

मग मारवेल माळांवरून गेलं कुठे? त्याचं कारण त्याची चव. मिश्र रानात कळप आधी मारवेल वेचतो, पुन्हा पुन्हा वेचतो, आणि शेजारचं कुसळी गवत निवांत निसवून बी पाडतं. असं पाच-दहा वर्षं झालं की रान कुसळीचं होतं. कुसळ मेंढीच्या लोकरीत शिरतं, ओलीने पीळ फिरतो तसं कातडीत रुततं, आणि मग मेंढपाळ म्हणतो हे रान वाईट. रान वाईट नव्हतं, चराई निवडक होती.

मारवेल ठोंबांनी (मुळासकट काढलेल्या फुटव्यांनी) लावलेलं बरं. पन्नास बाय पन्नास सेंटिमीटरवर एकरी सोळा हजार ठोंब लागतात. मजुरीचा हाच खर्च मोठा, आणि इथे अंजन स्वस्त पडतं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं 'फुले गोवर्धन' हा मारवेलचाच वाण, कापणी आणि चराई दोन्हींसाठी घेता येतो.

मी काय लावीन

मुरमाड उताराला, पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पावसात, मेंढ्या-शेळ्यांसाठी : अंजन, आणि त्याच्या मधल्या ओळींत स्टायलो. स्टायलो शेंगवर्गीय, जमिनीला नत्र देतं. पावसाळ्यात जनावरं त्याच्याकडे फारशी बघत नाहीत, गवत वाळल्यावर खातात. ही सवय सोयीची आहे, कारण निसवून वाळलेल्या गवतात प्रथिनं तीन-चार टक्क्यांवर येतात आणि सात टक्क्यांच्या खाली पोटातले जिवाणू उपाशी राहतात. पोट भरलेलं दिसतं, जनावर मात्र खंगतं.

काळ्या किंवा मध्यम जमिनीत, सहाशेच्या पुढे पावसात : मारवेल, डोळे मिटून. पाणी, गाई आणि तार ही तिन्ही असतील तर चराईला गिनी, सावली असली तरी चालते. एक जरी नसेल तर चराईला नाही.

ऑनलाइन मिळणाऱ्या सिग्नल गवताबद्दल एकच वाक्य : त्यातल्या सॅपोनिन नावाच्या विषारी द्रव्यामुळे मेंढ्यांचं यकृत बिघडून उन्हाने तोंडाची-कानाची कातडी सुजते आणि सोलते, तेव्हा मेंढीवाल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

आणि पेरण्याआधी रान नीट फिरून बघा. पावलापावलावर मारवेल किंवा पवन्याचे खुरटे ठोंब दिसत असतील तर नांगर लावू नका, बी विकत घेऊ नका. दोन पावसाळे चराईबंद ठेवा, दिवाळीच्या सुमारास कापून घ्या. मूळ गवत बरंचसं परत येतं. उलट चांगल्या मूळ रानात बाहेरून दांडगं गवत आणणं अंगाशी येतं. ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेच्या सोनोरन वाळवंटात अंजनाने स्थानिक झाडोरा हटवला आणि वणव्यांना सरपण दिलं.

गवत कोणतंही घ्या, दोन वेळा सांभाळाव्या लागतात. पहिली, मृगाच्या पावसानंतरचे तीन-चार आठवडे. उन्हाळाभर जपलेला साठा खर्चून गवताने पहिली पानं काढलेली असतात, आणि नेमकी तेव्हाच भुकेली जनावरं आपण सोडतो. ती पानं गेली की मुळं आखडतात. या महिन्याची वैरण आधीच बाजूला काढून ठेवा. दुसरी वेळ रोजचीच : एका तुकड्यात चार-पाच दिवसांवर थांबायचं नाही, कारण तेवढ्यात आलेला कोवळा कोंब जनावर लगेच दुसऱ्यांदा खातं. पुढे त्या तुकड्याला पावसाळ्यात चार-पाच आठवडे विश्रांती, थंडीत त्याहून जास्त. अंजन वीतभर आणि मारवेल चार बोटं उरलं की कळप हलवायचा. निम्म्याहून जास्त पाला गेला की मुळांची वाढ थांबू लागते, मग बाकी कितीही खत घाला.

पहिल्या वर्षी कळप सोडूच नका, बी पडू द्या आणि मग कापा. दुसऱ्या पावसाळ्यात रानात दहा ठिकाणी ठोंब मुठीत धरून, मेंढी ओढते तसा ओढून बघा. पान तुटून हातात आलं तर फाटक उघडा. दोन-तीन ठोंब मुळासकट आले तर आणखी एक हंगाम विळाच चालवा.