वसंत सत्रातील हायस्कूल: एका पालकाचा अभिप्राय

न्यू जर्सीतील आमच्या मुलीच्या सार्वजनिक हायस्कूलचे वसंत सत्र जूनपर्यंत चालते आणि शाळेची खरी ताकद याच काळात दिसते. मे महिन्यातील एपी (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे हायस्कूलमध्येच शिकलेल्या महाविद्यालयीन पातळीच्या विषयांच्या) परीक्षांची तयारी शिक्षक मनापासून करून घेतात. 2025 पासून कॅल्क्युलसचे बहुपर्यायी प्रश्न ब्लूबुक या परीक्षेच्या ॲपवर आणि दीर्घोत्तरी प्रश्न कागदावर सोडवायचे असल्याने वर्गात दोन्ही पद्धतींचा सराव झाला, हे मला विशेष मोलाचे वाटते. या परीक्षांत 1 ते 5 पैकी चांगले गुण मिळाल्यास अनेक महाविद्यालये क्रेडिट (तो विषय पूर्ण केल्याचे श्रेयांक) देतात, त्यामुळे पुढचे शुल्कही वाचू शकते.

संगीतनाटकाच्या तालमी तर आवर्जून पाहाव्यात. नेपथ्य, प्रकाशयोजना, वाद्यवृंद हे सारे मुलेच सांभाळतात, आणि नवख्यांनाही रंगमंचावर मानाने जागा मिळते. ट्रॅक, टेनिस व लॅक्रॉस हे खेळही आहेत.

वेळापत्रकाच्या आखणीत मात्र शाळा कमी पडते. मैदानी स्पर्धा नेमक्या एपीच्याच आठवड्यांत येतात आणि संध्याकाळी उशिरा परतलेल्या मुलांना दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षेला बसावे लागते. खेळ आणि एपी दोन्ही घेतलेल्या मुलांच्या पालकांनी मे महिन्याचे वेळापत्रक सत्राच्या सुरुवातीलाच मागून घ्यावे.