ऑटोमॅटिकची गिअर केबल: जुळवून घ्यायची की बदलायची?

गिअर केबल म्हणजे गिअर लिव्हरला गिअरबॉक्सशी जोडणारी तार. लिव्हर ‘पी’वर (पार्क) आहे आणि डॅशबोर्डवर ‘आर’ (रिव्हर्स) दिसतंय. किंवा ‘पी’मध्ये गाडी स्टार्टच होत नाही, ‘एन’ला (न्यूट्रल) घेतली की लगेच होते. अशा वेळी गॅरेजमध्ये कुणी केबल जुळवून देतो म्हणतो, कुणी थेट नवी टाकायला सांगतो. (गाडी एएमटी, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सचेच गिअर आपोआप बदलणारी, असेल तर हा प्रश्न बहुधा तुमचा नाही. तिथे लिव्हर नुसता विजेचा संदेश पाठवतो.)

जुळवणी स्वस्त आणि झटपट. चाकांना ठोकळे लावायचे, केबलचा नट सैल करायचा, लिव्हर आणि गिअरबॉक्सवरचा दांडा दोन्ही मॅन्युअलमध्ये दिलेल्या एकाच जागी आणायचे आणि केबलला ताण न देता नट आवळायचा. नुकताच गिअरबॉक्स उतरवला असेल किंवा माउंटिंग (इंजिन-गिअरबॉक्स धरून ठेवणारा आधार) बदललं असेल, तर एवढंच पुरतं.

पण त्याआधी केबलच्या टोकाचा बुश बघाच. प्लास्टिक-रबराचा हा छोटा तुकडा उष्णतेने कडक होतो, चिरतो आणि एके दिवशी दांड्यावरून सुटतो. मग लिव्हर ‘पी’ दाखवतो आणि गिअरबॉक्स भलत्याच गिअरमध्ये राहतो. याच कारणाने 2022 मध्ये फोर्डने अमेरिकेत सुमारे 29 लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. टोक बोटांनी हलवून पाहा. ते ढिलं होऊन खडखडत असेल तर जुळवणीवर पैसे घालवू नका, आज जुळेल आणि पुन्हा सरकेल. काही गाड्यांना बुश सुटा मिळतो, काहींना अख्खी केबलच घ्यावी लागते.

केबल टोकातून सोडून दांडा हाताने फिरवा. प्रत्येक गिअरला स्पष्ट ‘टक्’ लागत असेल, तर गिअरबॉक्सची बाजू ठीक आहे. आता सुटी केबल जड चालत असेल किंवा सायलेन्सरच्या पाइपजवळ तिचं आवरण वितळलं असेल, तर माझ्या मते नवीच टाका. मजुरी जास्त पडते, कारण लिव्हरभोवतीचा कन्सोल उघडावा लागतो. आणि नव्या केबललाही जुळवणी लागतेच, तेव्हा ती मजुरीत धरली आहे का ते आधी विचारा.

काहीही केलंत तरी गाडी ताब्यात घेण्यापूर्वी ती फक्त ‘पी’ आणि ‘एन’मध्येच स्टार्ट होते ना, हे तपासा. मग किंचित चढावर चाकामागे ठोकळा ठेवून ‘पी’मध्ये टाका, हँडब्रेक सोडा, आणि ब्रेकवरचा पाय हळूहळू उचला. गाडी घरंगळता कामा नये.