बोट तापीत, माणूस काठावर: मरीन, हॅम की ४४६?

तापीवरच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यात हौसेने बोट काढणारा कोणी रेडिओ घ्यायचं म्हणाला की तीन पर्याय पुढे येतात: मरीन व्हीएचएफ म्हणजे बोटी-जहाजांचा रेडिओ, हॅम म्हणजे परीक्षा देऊन मिळणारा हौशी रेडिओ आणि बिनपरवान्याचा ४४६ मेगाहर्ट्‌झचा वॉकीटॉकी. हा विचार मीही करून बसलोय.

वस्तू म्हणून मरीन सेटच मला सर्वांत आवडतो. ओल्या हाताने बटणं नीट दाबली जातात, बरेच सेट पाण्यात पडले तरी तरंगतात आणि हातातला सेटही पाच वॅटपर्यंत जातो. परवाना मात्र बोटीच्या नावावर निघतो, चालवणाऱ्याला प्रमाणपत्र वेगळं लागतं. डीएससीचं, म्हणजे संकटाचा डिजिटल इशारा पाठवणारं लाल बटण वापरायचं तर एमएमएसआय हा बोटीचा नऊ आकडी ओळख क्रमांक हवा, भारतीय बोटींचा ४१९ पासून सुरू होणारा. समुद्रावर हा खटाटोप सार्थकी लागतो. तिथे सोळा नंबरच्या चॅनेलवर जहाजं आणि तटरक्षक दल कान लावून असतात. चांगदेवजवळ, तापी-पूर्णेच्या संगमावर, ते चॅनेल ऐकणार कोण?

तरीही मी तो घेतला असता. अडलं ते काठावर. आपल्याकडे दोन बोटींचं आपसात बोलणं क्वचितच होतं. बोलायचं असतं ते काठावरच्या माणसाशी. दुपारनंतर वारा सुटला की बायको विचारते, "कुठवर आलात?" आणि मला सांगायचं असतं की गाडी खालच्या उताराला आणून ठेव. बोटीच्या परवान्यात काठावरचा हा दुसरा सेट बसत नाही. जमिनीवरून मरीन चॅनेलवर बोलायला परवानगी वेगळी. म्हणजे ज्या एका माणसासाठी रेडिओ घ्यायचा, त्याच्याच हातात तो नियमाने देता येत नाही. हे मला फार खटकलं.

हॅमचंही तेच. परवाना माणसाच्या नावावर, रिस्ट्रिक्टेड या खालच्या ग्रेडला मोर्सची परीक्षा नाही, बाराव्या वर्षापासून परीक्षेला बसता येतं. छंद म्हणून उत्तमच, माझा मुलगा बसणार असेल तर मी आनंदाने फी भरीन. पण दोन्ही टोकांना परवानाधारक लागतो, आणि केवळ बोटीसाठी घरातल्या सगळ्यांना परीक्षेला बसवणं मला पटलं नाही.

राहिला ४४६. २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झ परवान्यातून मोकळा आहे. सेट कोणाच्याही हातात द्या. ताकद जेमतेम अर्धा वॅट. मोकळ्या पाण्यावर समोरच्या थडीपर्यंत आवाज स्वच्छ येतो. मध्ये केळीची बाग किंवा नदीचं वळण आलं की खरखर सुरू होते, म्हणून बायको बागेआड न थांबता उंच दरडीवर उभी राहते. संकटात हाक ऐकणारं मात्र घरच्यांशिवाय कोणी नसतं, तेव्हा मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सोबत असतोच. पावसाळ्यात हतनूरच्या ४१ दरवाजांपैकी काही उघडले की मी बोट काढतच नाही, तिथे कोणताही रेडिओ कामाचा नाही.

तुमची बोट पुढेमागे मुरूड किंवा मालवणला जाणार असेल, तर कागदपत्रांचा त्रास सोसून मरीनच घ्या. तापीतच राहणार असेल, तर ४४६ ची जोडी पुरेल असं मला वाटतं. घेताना सेटवर फ्रिक्वेन्सी आणि ईटीए ही सरकारी उपकरण-मान्यता छापलेली आहे का ते पाहा. "सगळे बँड चालतात" म्हणून विकले जाणारे सेट टाळा. अशीच बेकायदा विक्री रोखण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये ऑनलाइन बाजारांना मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली आहेत.