स्टेशनरीत 'ए' की 'ई'? एकाच उच्चाराच्या इंग्रजी शब्दांतून योग्य तो निवडताना

पाटी रंगवायला किंवा अर्ज छापायला देण्याआधी ही शंका येतेच. संगणकाची स्पेलिंग-तपासणी इथे कामाची नाही. दोन्ही रूपं शब्दकोशातली, त्यामुळे चुकीच्या जागी बसलेल्या शब्दाखाली लाल रेघ येईलच असं नाही. शब्द कुठून आला ते पाहिलं, तर बहुतेक वेळा निवड सोपी होते.

स्टेशनरी: 'ए-आर-वाय' म्हणजे जागेवर स्थिर, 'ई-आर-वाय' म्हणजे वह्या-पेनं. मध्ययुगीन इंग्लंडात फिरते विक्रेते खूप. विद्यापीठाजवळ कायमचं दुकान मांडून पुस्तकं विकणारा तो 'स्टेशनर'. लॅटिन 'स्टाशिओ' म्हणजे उभं राहण्याची जागा, ठाणं. आपलं 'स्थान' आणि 'स्थिर' त्याच कुळातले. लंडनच्या स्टेशनर्स कंपनीला १५५७ मध्ये राजसनद मिळाली. बेकरची बेकरी, तशी स्टेशनरची स्टेशनरी. माणसाच्या नावातला 'ई-आर' मालाच्या नावातही राहतो. पाटीवर 'ए' रंगवला, तर दुकान 'स्थिर' विकतं असा अर्थ होतो.

कॉम्प्लिमेंट: दोन्ही रूपं 'पूर्ण करणं' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून आली. मधे 'ई' असलेलं रूप मूळ अर्थाला धरून राहिलं. 'कम्प्लीट'मधला 'ई' आठवावा: एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढली की हेच रूप. 'आय'वालं रूप इटली-स्पेनमधल्या शिष्टाचाराच्या भाषेतून फ्रेंचमार्गे आलं. शिष्टाचार पूर्ण करणं, म्हणून कौतुक, शुभेच्छा. मंडळाच्या स्मरणिकेतल्या जाहिरातीवर 'विथ बेस्ट कॉम्प्लिमेंट्स' छापताना 'आय'च हवा, आणि हॉटेलातला फुकट नाश्ताही 'आय'चाच. भूमितीत मात्र जपून: बेरीज ९० अंश होणारे कोन 'ई'वाले, मराठीत कोटिकोन. 'पूरक' या शब्दावरून भाषांतर केलं तर फसायला होतं, कारण पूरक कोन म्हणजे १८० अंशांचे, आणि त्यांना इंग्रजीत 'सप्लिमेंटरी' म्हणतात.

प्रिन्सिपल: शेवटी 'ए-एल' म्हणजे 'मुख्य'. मुख्य शिक्षक तो प्राचार्य, कर्जातली मुख्य रक्कम ती मुद्दल. 'एल-ई' फक्त तत्त्वासाठी.

इन्फ्लॅमेबल की फ्लॅमेबल: इथे उगमच घात करतो. दोन्हींचा अर्थ एकच, ज्वलनशील. लॅटिन 'इन्फ्लामारे' म्हणजे पेटवणं. त्यातला 'इन' म्हणजे 'आत', 'नाही' नव्हे. पण 'इनकरेक्ट', 'इनव्हिजिबल' यांची सवय असलेला वाचक 'पेट न घेणारं' असं समजू शकतो, आणि थिनरच्या डब्याजवळ हा गैरसमज जिवावर बेतेल. आपल्याकडच्या टँकरांवर 'हायली इन्फ्लॅमेबल' दिसतं. ते चूक नाही. तरी नवं लेबल करताना 'फ्लॅमेबल'च लिहावं. रसायनांच्या जागतिक लेबल-पद्धतीतही तोच शब्द आहे. विरुद्ध अर्थासाठी 'नॉन-फ्लॅमेबल', आणि मराठी कामगार असतील तर शेजारी 'ज्वलनशील' तितक्याच मोठ्या अक्षरात.